स्वच्छ किती, हे कोणी ठरवायचे?

गणेशोत्सव जवळ आला की विसर्जनाची चर्चा ठरलेली. मूर्ती शाडूची की प्लॅस्टरची, विसर्जन समुद्रावर की हौदात, निर्माल्याचे काय करायचे, यावर दरवर्षी बैठकीत तासभर तरी जातो. आपल्यापैकी अनेक जण घरच्या मूर्तीचे विसर्जन मागच्या अंगणात बादलीत करतात आणि ते पाणी, ती माती झाडांना घालतात. मातीतून आलेले मातीत परत जाते, ही त्यामागची साधी आणि समाधान देणारी कल्पना. आपल्या परंपरेने जवळजवळ प्रत्येक वस्तूच्या अखेरीची अशी काही ना काही सोय लावून ठेवली आहे.

माणसाने मात्र गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत असे काही पदार्थ तयार केले आहेत, की त्यांचे विसर्जन करताच येत नाही. प्लुटोनियम हा त्यांपैकी एक. त्याच्या मुख्य प्रकाराचे अर्धायुष्य सुमारे २४,१०० वर्षे आहे. म्हणजे आज जमिनीवर सांडलेल्या एक किलोपैकी अर्धा किलो चोवीस हजार वर्षांनंतरही शिल्लक असणार. परंपरेप्रमाणे महाभारताला पाच हजार वर्षे झाली असे धरले, तर त्याच्या जवळजवळ पाचपट हा काळ. असे प्लुटोनियम सांडलेली जागा आपल्याच दक्षिण ऑस्ट्रेलियात आहे. ॲडलेडच्या वायव्येला सुमारे आठशे किलोमीटरवर, मरालिंगा येथे.

अशी जमीन साफ करायची वेळ येते तेव्हा एक अडचण उभी राहते. ती पूर्णपणे, कणभरही शिल्लक न ठेवता साफ करणे शक्य नसते. कुठेतरी थांबावे लागते आणि 'एवढे पुरे' असे कोणाला तरी म्हणावे लागते. ते कोणी म्हणायचे? शास्त्रज्ञांनी, पैसे देणाऱ्या सरकारने, की उरलेल्या विषाशेजारी ज्यांना राहायचे आहे त्यांनी? मी अणुशास्त्रज्ञ नाही, साधा डॉक्टर आहे. पण थोड्या वेगळ्या रूपात हाच प्रश्न माझ्या तपासणीच्या खोलीत रोज येतो, म्हणून त्यावर काही विचार मांडण्याचे धाडस करतो.

अपघाताची रंगीत तालीम

१९५२ ते १९५७ या काळात ब्रिटनने ऑस्ट्रेलियात बारा अणुस्फोट केले. तीन पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या मॉन्टेबेलो बेटांवर, दोन इमू फील्ड येथे आणि सात मरालिंगाला. पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीस यांनी सुरुवातीचा होकार आपल्या मंत्रिमंडळाशी चर्चा न करताच दिला होता. मग त्या वाळवंटात राहणाऱ्या अनंगू लोकांना कोण विचारणार? १९५२ मध्ये ओल्डियाची मिशनची वस्ती बंद झाली आणि तिथल्या लोकांना दक्षिणेला यालाटा येथे नेण्यात आले. मागे राहिलेल्यांसाठी आणि पायी ये-जा करणाऱ्यांसाठी धोक्याच्या पाट्या लावल्या, त्या इंग्रजीत. १९५७ मध्ये एक जोडपे दोन लहान मुलांसह एका स्फोटाच्या विवराजवळ मुक्कामाला असलेले सैनिकांना आढळले. जागेचे नावसुद्धा तिथल्या लोकांचे नव्हे. 'मरालिंगा' हा शब्द दूर उत्तरेकडच्या, आज लोप पावलेल्या एका भाषेतला. त्याचा अर्थ मेघगर्जना.

स्फोटांचे मोठमोठे ढग सर्वांच्या लक्षात राहिले, पण मरालिंगाची जमीन सर्वांत जास्त नासली ती 'किरकोळ चाचण्या' म्हणून नोंदलेल्या प्रयोगांनी. त्यातला एक प्रकार असा होता: अणुबाँब वाहून नेताना आग लागली किंवा चुकून स्फोट झाला तर काय होईल, हे पाहण्यासाठी मुद्दाम तसा स्फोट घडवायचा. अणुअपघाताची ती रंगीत तालीमच म्हणायची. १९६० ते १९६३ या काळात टारानाकी नावाच्या ठिकाणी अशा प्रयोगांत सुमारे २२ किलो प्लुटोनियम हवेत उडाले आणि वाऱ्याबरोबर मैलोगणती पसरले.

प्लुटोनियमचे अल्फा किरण कातडीच्या बाहेरच अडतात. साधा कागदसुद्धा त्यांना थांबवतो. धोका आहे तो धुळीवाटे श्वासात किंवा जखमेवाटे शरीरात गेलेल्या कणांचा. ते फुप्फुसांत, यकृतात, हाडांत ठाण मांडून बसतात आणि पुढे वर्षानुवर्षे किरण सोडत राहतात. बूट घालून तासभर फिरून जाणाऱ्या शास्त्रज्ञाला ही जागा फारशी धोक्याची नाही. जमिनीवर झोपणाऱ्या, राखेत शिकार भाजणाऱ्या, ज्यांची मुले दिवसभर मातीत खेळतात अशा लोकांना ती धोक्याची आहे. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे तो फार कामाचा आहे.

दोन साफसफाया

मरालिंगाची मोठी साफसफाई दोनदा झाली. एकदा कोणालाही न विचारता आणि एकदा विचारून.

पहिली १९६७ ची. ब्रिटिश सैन्याने प्लुटोनियम पसरलेली माती नांगरून खालीवर केली, म्हणजे ते पातळ होईल अशी कल्पना. टारानाकीला एकवीस खड्डे खणून त्यांत भंगार पुरले आणि वर काँक्रीटची झाकणे घातली. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियन सरकारने काम पसंत केले आणि ब्रिटनला जबाबदारीतून मोकळे केले. ज्यांची जमीन ते लोक यालाटाला, या सगळ्यापासून दूर.

१९८४ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या संसदेने कायदा करून या भागातील मोठा प्रदेश मरालिंगा जारुत्जा या अनंगू लोकांच्या संस्थेच्या नावे केला. जमीन परत द्यायची म्हणून ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ ती नीट मोजायला गेले, तेव्हा कागदोपत्री सांगितले होते त्यापेक्षा कितीतरी जास्त प्लुटोनियम उघड्यावर पडलेले सापडले. नांगरणीमुळे पुढचे काम उलट अवघड होऊन बसले होते.

त्याच वर्षी न्यायमूर्ती जेम्स मॅक्लेलंड यांचा रॉयल कमिशन नेमला गेला. तो नेमला जावा म्हणून झगडणाऱ्यांत यामी लेस्टर हे प्रमुख नाव. १९५३ मध्ये इमू फील्डच्या स्फोटानंतर वॉलाटिना येथे आलेले काळे धुके त्यांनी लहानपणी पाहिले होते. पुढे त्यांची दृष्टी गेली. कमिशनने लंडनमध्ये साक्षी घेतल्या, तशाच वाळवंटात जाऊन अनंगू लोकांच्याही घेतल्या. १९८५ च्या अहवालात म्हटले की ही जमीन मूळ मालकांना मुक्तपणे राहता येईल इतकी स्वच्छ करावी आणि खर्च ब्रिटनने द्यावा.

यानंतर जे घडले ते मला महत्त्वाचे वाटते. किती साफ करायचे हे ठरवण्यासाठी तांत्रिक समिती बसली, तेव्हा लोकांच्या अंगी किती किरणोत्सर्ग लागेल याचा हिशेब करणे भाग होते. तो हिशेब लंडन किंवा सिडनीच्या माणसाचा धरून चालणार नव्हता. म्हणून किंग्स्ली पामर आणि मॅगी ब्रॅडी हे मानववंशशास्त्राचे अभ्यासक ओक व्हॅलीच्या वस्तीवर गेले. लोक काय खातात, कसे शिजवतात, कुठे झोपतात, किती धूळ अंगावर घेतात, हे त्यांनी नोंदवले. १९९१ मध्ये मरालिंगा जारुत्जाचे आर्ची बार्टन काही वडीलधाऱ्यांना घेऊन लंडनला गेले. सोबत मरालिंगाची माती होती. १९९३ मध्ये ब्रिटनने २ कोटी पौंड द्यायचे मान्य केले. अनंगू लोकांना १ कोटी ३५ लाख डॉलर नुकसानभरपाई मिळाली. साफसफाईचा एकूण खर्च सुमारे १० कोटी ८० लाख डॉलर झाला.

समितीने स्वस्त ते अतिशय महाग असे अनेक पर्याय मांडले होते. सगळी माती खरवडून काढायची तर मोठ्या प्रदेशातले एकूण एक झाडझुडूप जाणार होते. वाळवंटात ते पुन्हा उगवायला पिढ्या लागतात. लोकांनी सर्वांत जास्त माती काढण्याचा पर्याय धरून ठेवला नाही. सर्वांत दूषित भागातली माती काढून खोल पुरावी, आणि टारानाकीभोवती सुमारे ४१२ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात शिकारीला, ये-जा करायला मोकळीक असावी पण कायमची वस्ती नसावी, हा पर्याय त्यांनी मान्य केला. त्या सीमेवर आज पाट्या आहेत. त्यांवर त्यांच्याच भाषेत लिहिले आहे, 'कुका पाल्या, न्गुरा विया'. म्हणजे शिकार चालेल, वस्ती नको. इंग्रजी पाटीपासून या पाटीपर्यंत यायला जवळजवळ अर्धे शतक लागले.

हे काम निर्दोष झाले असे मात्र कोणी समजू नये. जुन्या खड्ड्यांतला कचरा विजेने वितळवून काचेत बंदिस्त करायचे ठरले होते. मार्च १९९९ मध्ये असे काम चालू असताना एका खड्ड्यात स्फोट झाला, ती पद्धत सोडून दिली गेली आणि उरलेला कचराही साध्या खंदकात पुरण्यात आला. प्रकल्पावर आधी सरकारतर्फे काम केलेले अभियंते ॲलन पार्किन्सन यांनी यावर कडक टीका केली आणि पुढे पुस्तकही लिहिले. सरकारचे म्हणणे, काम योग्य झाले. २००० मध्ये साफसफाई पूर्ण झाल्याचे जाहीर झाले आणि २००९ मध्ये उरलेली जमीनही लोकांना परत मिळाली.

संमती म्हणजे काय

माझे वैद्यकीय शिक्षण महाराष्ट्रातले, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे. सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेआधी संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घ्यायची पद्धत होती. बहुतेक वेळा तो अंगठा नवऱ्याचा, मुलाचा किंवा दिराचा असे. नातेवाईक हात जोडून म्हणत, "डॉक्टरसाहेब, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, आम्हाला काय कळतंय." त्यात विश्वास होता, माया होती, हे मी नाकारत नाही. पण ज्या बाईच्या पोटावर सुरी चालणार, तिला काय हवे आहे हे त्या कागदात कुठेच येत नसे.

ऑस्ट्रेलियात आलो तेव्हा इथल्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असलेला एक खटला मीही वाचला. रॉजर्स विरुद्ध व्हिटेकर, हायकोर्ट, १९९२. एका स्त्रीचा एक डोळा लहानपणापासून निकामी होता. त्यावर शस्त्रक्रिया करण्याआधी तिने आपल्या चांगल्या डोळ्याला काही होणार नाही ना, याची पुन्हा पुन्हा चौकशी केली. चांगल्या डोळ्यावर परिणाम होण्याची शक्यता सुमारे १४,००० मध्ये एक होती. सर्जनने ती सांगितली नाही. नेमके तेच झाले आणि तिची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली. बचाव असा होता, की इतका क्षुल्लक धोका सांगण्याची डॉक्टरांमध्ये पद्धत नाही. न्यायालयाने तो मानला नाही. डॉक्टरला काय महत्त्वाचे वाटते हा निकष पुरा नाही, त्या रुग्णाच्या दृष्टीने काय महत्त्वाचे आहे ते सांगितलेच पाहिजे, असा निर्णय झाला.

मरालिंगाच्या मातीलाही मला हेच लागू पडते असे वाटते. चौदा हजारात एक हा आकडा डॉक्टरच सांगू शकतो. तो मोठा की लहान, हे मात्र एकच डोळा असलेल्या माणसाने ठरवायचे. मरालिंगाची मर्यादा ठरवताना तिथे राहणाऱ्याला वर्षाला ५ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त किरणोत्सर्ग लागू नये असा निकष धरला होता. आपल्याला निसर्गातूनच वर्षाला साधारण दीड ते पावणेदोन मिलिसीव्हर्ट मिळतात आणि पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये पाचहून जास्त मिळू शकतात. हा सगळा मोजमापाचा भाग, तो तज्ज्ञांचा. पण आजोबांच्या जमिनीवर परत जाण्यासाठी तेवढा धोका पत्करावा का, झाडे वाचवण्यासाठी थोडे विष राहू द्यावे का, मुलांना 'तिथे झोपू नका' असे आयुष्यभर सांगावे लागले तरी चालेल का, याचे उत्तर कुठल्याही मीटरवर येत नाही. शिवाय मोजमापसुद्धा लोकांना विचारल्याशिवाय धड करता आले नाही, हे ओक व्हॅलीने दाखवलेच आहे. लोक कसे झोपतात हे माहीत नसेल तर आकडाच चुकतो.

लोकांना काय कळते?

यावर माझे काही डॉक्टर मित्र एक आक्षेप घेतात, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, किरणोत्सर्गाच्या बाबतीत लोकांची भीती वास्तवाच्या कितीतरी पुढे असते आणि भीतीनेही माणसे मरतात. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांचा अपघात झाला. त्या भागातील रहिवाशांमध्ये किरणोत्सर्गामुळे थेट झालेला आजार संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीला आढळलेला नाही. पण घाईघाईच्या स्थलांतरात, रुग्णालये आणि वृद्धाश्रम रिकामे करताना आणि पुढच्या विस्थापित जगण्यात फुकुशिमा प्रांतातील दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. अशा वेळी लोकांना विचारून निर्णय घ्यायचे म्हणजे घबराटीला मत देण्यासारखे नाही का?

माझे उत्तर वैद्यकीयच आहे. अपघाताचा रुग्ण रक्तस्राव होत आलेला असेल तर आम्ही सहीसाठी थांबत नाही. त्या घटकेला डॉक्टरनेच ठरवायचे असते. पण साफसफाई ही तातडीची शस्त्रक्रिया नव्हे. तिला महिने-वर्षे लागतात, समजावून सांगायला भरपूर वेळ असतो. आणि भीतीवर औषध म्हणाल, तर निर्णयापासून लोकांना दूर ठेवल्याने भीती कमी झालेली मी तरी पाहिली नाही. रिपोर्ट लपवला की रुग्ण सर्वांत वाईट तेच धरून चालतो.

चेर्नोबिलच्या अपघातानंतर दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, बेलारूसमधील ओल्मानी या खेड्यात काही फ्रेंच तज्ज्ञ गेले. त्यांनी भाषणे देण्याऐवजी मोजायची यंत्रे गावकऱ्यांच्या हाती दिली. आया आपल्या घरचे दूध, भाजी, घरातील जागा स्वतः मोजू लागल्या. कुठल्या कुरणातल्या गाईच्या दुधात जास्त किरणोत्सर्ग येतो, मुलांना कुठले दूध द्यायचे, हे त्यांचे त्यांना कळू लागले. ज्या बायकांना 'यांना काय कळतंय' म्हटले गेले असते, त्यांनीच आपल्या मुलांच्या ताटातला धोका कमी केला.

आणि त्यासाठी बेलारूसला तरी कशाला जावे? आपल्या गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचे गाव महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथे दोन वेगळ्या बैठका असतात. अभ्यासगटात बाहेरचे जाणकारही येतात, शंका विचारल्या जातात, माहिती दिली जाते, वाद होतात. निर्णय मात्र ग्रामसभेत होतो आणि तो सर्वांच्या सहमतीने होतो. तज्ज्ञाला अभ्यासगटात मान आहे, ग्रामसभेत त्याला मत नाही. एवढी स्वच्छ विभागणी मला वैद्यकीय नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही क्वचितच दिसली.

लोक म्हणजे कोण?

लोकांना विचारायचे हे मान्य केले, तरी लोक म्हणजे कोण, हा पुढचा प्रश्न उरतोच. आणि इथेच बहुतेक गफलती होतात.

आपल्याच राज्यातील किंबा या गावाजवळ देशाचा किरणोत्सर्गी कचरा ठेवण्याचे केंद्र सरकारने ठरवले होते. २०१९ मध्ये गावात मतदान झाले. ४५२ मते बाजूने, २८२ विरोधात. बासष्ट टक्क्यांच्या आसपास लोकांचा पाठिंबा, असे सांगितले गेले. पण त्या भागाचे मूळ मालक बार्नगार्ला लोक यांतले बहुतेक गावाच्या हद्दीत राहत नव्हते, म्हणून त्यांना मतदार यादीत धरलेच नाही. त्यांनी आपले स्वतंत्र मतदान घेतले. ८३ मते पडली, सगळी विरोधात. ते न्यायालयात गेले. जुलै २०२३ मध्ये फेडरल कोर्टाने मंत्र्यांचा निर्णय रद्द केला, कारण मंत्र्यांनी मन आधीच बनवले होते असे दिसत होते. पुढच्याच महिन्यात सरकारने ती योजना सोडली. यादी कोणी बनवली यावर निकाल ठरतो, हे आपल्यासारख्या निवडणुका पाहत वाढलेल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

भारतातही नुकताच असा प्रसंग झाला. भोपाळचा कारखाना अणूचा नव्हता, पण तिथले विष चाळीस वर्षे तसेच पडून होते. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून तिथला ३३७ टन कचरा धार जिल्ह्यातील पीथमपूरला जाळण्यासाठी नेला. भोपाळचे लोक हा कचरा हलावा म्हणून वर्षानुवर्षे झगडले होते. पीथमपूरचे लोक मात्र रस्त्यावर उतरले, दोघांनी तर अंगावर पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. एकाचे अंगण स्वच्छ होते तेव्हा तो केर कुणाच्या दारात जातो, हा प्रश्न प्रत्येक साफसफाईत असतो. त्यामुळे ज्याच्या दारातून कचरा उचलायचा आणि ज्याच्या दारात टाकायचा, त्या दोघांनाही विचारायला हवे. चौकशी एकाच दाराशी करून भागत नाही.

विचारणे याचा आणखी एक अर्थ आहे: 'नको' म्हणण्याची मुभा. १९९८ पासून वूमेराजवळ असेच केंद्र करायचे घाटत होते. कूबर पीडीच्या काही वयोवृद्ध आदिवासी स्त्रिया, ज्यांच्यातल्या कित्येकींनी अणुस्फोटांचे दिवस पाहिले होते, त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. त्या आज्यांनी सहा वर्षे गावोगाव, शहरोशहरी फिरून एकच सांगितले, की हे विष जमिनीत घालू नका. २००४ मध्ये सरकारने माघार घेतली. या स्त्रियांपैकी आयलीन कंपाकुटा ब्राऊन आणि आयलीन वानी विंगफील्ड यांना २००३ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. रुग्णाने नकार दिला तर त्याच्यावर राग धरायचा नसतो, हे आम्हा डॉक्टरांना शिकवले जाते. सरकारांनाही कोणीतरी शिकवावे.

दिलेला शब्द आणि पुढच्या पिढ्या

फुकुशिमाची आणखी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. २०१५ मध्ये वीज कंपनीने तिथल्या मच्छीमारांना लेखी कळवले होते, की संबंधितांची समजूत पटल्याशिवाय साठवलेल्या पाण्याची कसलीही विल्हेवाट लावणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मच्छीमारांच्या संघटना विरोधात असतानाच प्रक्रिया केलेले ते पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने त्याचा आरोग्यावरचा परिणाम नगण्य ठरेल असे म्हटले आहे, आणि डॉक्टर म्हणून मला त्यावर शंका घेण्याचे कारण दिसत नाही. तरीही काहीतरी बिघडले आहे असे वाटतेच. शास्त्र बरोबर होते, पण दिलेला शब्द मोडला गेला. रामायण ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला दिलेल्या शब्दाचे वजन समजावून सांगावे लागत नाही. शब्द मोडून केलेल्या योग्य उपचारानेही रुग्ण पुढच्या वेळी दारात येत नाही.

आणि ज्यांना आज विचारताच येत नाही त्यांचे काय? चोवीस हजार वर्षांपुढच्या माणसाची सही कोण घेणार? याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, आणि कोणाकडे असेल असे वाटत नाही. पण आज शक्य असलेली एक गोष्ट आहे. निर्णय कायमचा बंद करू नये. २०२१ मध्ये मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी मरालिंगाच्या मातीतले प्लुटोनियमचे कण तपासले आणि ते त्या वाळवंटी हवामानात हळूहळू झिजून प्लुटोनियम सोडत राहू शकतात असे दाखवले. २००० साली हे इतक्या बारकाईने माहीत नव्हते. माहिती बदलली की रुग्णाला पुन्हा बोलावून सांगायचे असते. जुन्या सहीकडे बोट दाखवून चालत नाही.

एवढ्या विचारानंतर मला किमान चार गोष्टी आवश्यक वाटतात. एक, जे उरलेल्या धोक्याशेजारी राहणार त्यांचा आवाज निर्णयाच्या आधी हवा, नंतर नव्हे. दोन, त्यांना समजेल अशा भाषेत सगळी माहिती हवी, आणि शक्य तर मोजायचे यंत्रही त्यांच्या हाती हवे. तीन, नाही म्हणण्याची खरी मुभा हवी. चार, नवी माहिती आली की फाईल पुन्हा उघडायची तयारी हवी. यांपैकी एक जरी नसेल तर उरतो तो अंगठा.

हा विषय आपल्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणाला वाटेल. आपण इथे पाहुणे राहिलेलो नाही. आपली मुले इथलीच आहेत. ॲडलेडला ओसबोर्नच्या गोदीत अणुऊर्जेवर चालणाऱ्या पाणबुड्या बांधायचे ठरले आहे, आणि त्यांतून निघणारा किरणोत्सर्गी कचरा ऑस्ट्रेलियानेच सांभाळायचा असे सरकारने २०२३ मध्ये सांगितले आहे. म्हणजे जागेचा प्रश्न पुन्हा येणार, सभा होणार, मते मागितली जाणार. आपल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला आपण कौर्ना लोकांच्या भूमीचा आदराने उल्लेख करतो, जसे आपण बांधकामाआधी भूमिपूजन करतो. त्या सभेची नोटीस येईल तेव्हा ती बाजूला न टाकता आपल्यापैकी काहींनी जरूर जावे. आकडे तज्ज्ञांना विचारावेत. आणि त्यानंतर हात वर करून एवढे विचारावे, की ज्यांच्या जमिनीवर हे ठेवणार, ते लोक आज या खोलीत बसले आहेत का?